बार्टला तो एक मार्क द्यायला हवा होता का? (सिम्पसन्स, 'बार्ट गेट्स अ‍ॅन एफ')

शेवटचा बाक
परवा रात्री 'सिम्पसन्स' ह्या अमेरिकन कार्टून मालिकेच्या दुसऱ्या सीझनचा पहिला भाग परत पाहिला. 'बार्ट गेट्स अ‍ॅन एफ', अमेरिकेत ११ ऑक्टोबर १९९० ला लागलेला. संपल्यावर बायकोशी वाद झाला, तो मिटेना, म्हणून धागा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट सांगतो. (रसभंग होईल, पण पस्तीस वर्षं जुन्या भागाचा कसला आलाय रसभंग.) दहा वर्षांचा बार्ट, इयत्ता चौथी. 'ट्रेझर आयलंड' ही चाच्यांची कादंबरी न वाचता नुसतं मुखपृष्ठ बघून त्यावर वर्गासमोर बोलतो. बाई, म्हणजे मिसेस क्राबापल, चाच्याचं नाव विचारतात आणि पोरगं उघडं पडतं. पुढच्या चाचणीला आजारपणाचं सोंग, मग मित्र मिलहाउसकडून उत्तरं, तरी नापास. शाळेचा मानसतज्ज्ञ आईबापांना बोलावून सांगतो, ह्याला पुन्हा चौथीत बसवावं लागेल. शेवटची संधी म्हणजे वसाहतकालीन अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर. बार्ट वर्गातल्या हुशार मार्टिनशी सौदा करतो: तू मला अभ्यास शिकव, मी तुला पोरांत कसं मिसळायचं ते शिकवतो. मार्टिन आपला विषय इतक्या झटकन शिकतो की ऐन वेळी नव्या मित्रांबरोबर व्हिडिओ गेम खेळायला पसार. रात्री बार्ट गुडघे टेकून देवाकडे एक दिवस मागतो. सकाळी उठतो तर बर्फच बर्फ, शाळा बंद. सगळं गाव बाहेर खेळतंय आणि हा तळघरात पुस्तक घेऊन बसलाय.

पेपर देतो. ५९. पास व्हायला ६० लागतात. तिथेच बाईंच्या टेबलासमोर रडू फुटतं. ह्या वेळी मी खरंच केला होता अभ्यास, माझ्याकडून ह्याहून जास्त होणार नाही, आणि तरी नापासच. रडता रडता बोलून जातो की १७५४ मध्ये फोर्ट नेसेसिटी फ्रेंचांच्या हवाली करताना जॉर्ज वॉशिंग्टनला काय वाटलं असेल ते आता मला कळलं. बाई चमकतात. हे कोणाला माहीत नसतं, तू शिकलेलं वापरलंस, घे एक मार्क. साठ. डी मायनस.

माझं म्हणणं, द्यायलाच हवा होता. बायको शिकवण्या घेते, ती म्हणते मुळीच नाही. तुमचं काय मत?

गाजरपारखी
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. भाग पाहिलेला नाही, पण मी वहिनींच्या बाजूने.

रत्नांग्रीकर
न पाहता मत देताय म्हणजे तुम्हीच बार्ट की हो.

प्रमेयबाई
वहिनींना +१. मी माध्यमिकला गणित शिकवते. पेपर गोळा झाला की झाला. त्यानंतर मुलगा टेबलापाशी येऊन काय बोलला त्याचे मार्क नसतात. हे कठोर वाटेल, पण वर्गातल्या दुसऱ्या पोराचा विचार करा. ज्याला ५९ च मिळालेत आणि जो काहीही न बोलता पेपर घडी करून दप्तरात ठेवतो आणि घरी जातो. त्याच्या डोक्यातसुद्धा एखादं फोर्ट नेसेसिटी असेल, पण त्याला बाईंसमोर रडता येत नाही. ज्याला बोलता येतं त्याला मार्क, हा न्याय मला नको.

भाग मात्र गोड आहे. आमच्या लेकीने दाखवला होता.

कोकमकढी
५९ ला नापास! आमच्या वेळी ५९ टक्के म्हणजे फर्स्ट क्लास एका टक्क्याने हुकला म्हणून सगळी आळी हळहळायची. ३५ ला पेढे वाटलेत लोकांनी.

न्यूजर्सीचे नाना
इकडे बऱ्याच शाळांत नव्वदच्या वर ए, ऐंशीच्या वर बी, सत्तरला सी, साठला डी, आणि साठच्या खाली थेट एफ. त्यामुळे ५९ म्हणजे आपल्या हिशेबाने ३४ समजा. आता पुन्हा वाचा, पोटात गोळा येईल.

जुना टीव्ही
धाग्याला थोडी पार्श्वभूमी देतो, कारण हा भाग त्या वेळी जे चाललं होतं त्यातून वेगळा काढून बघता येत नाही.

१९९० च्या त्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात अमेरिकेत बार्टची लाट होती. टीशर्ट धो धो खपत होते. त्यातल्या एकावर बार्टचं चित्र आणि 'अंडरअचीव्हर अँड प्राउड ऑफ इट' असं छापलेलं. म्हणजे मागे पडलोय आणि त्याचा अभिमान आहे. काही शाळांनी ते टीशर्ट घालून यायला बंदी केली. वर्तमानपत्रांत पालकांची पत्रं, पोरं बिघडली वगैरे. त्यातच फॉक्स वाहिनीने मालिका रविवारवरून गुरुवारी रात्री आठला नेऊन थेट 'द कॉस्बी शो'समोर उभी केली. त्यातला बाप म्हणजे तेव्हा टीव्हीवरचा सगळ्यात आदर्श बाप. आणि ह्या लढतीचा पहिला भाग म्हणून त्यांनी काय निवडलं? बार्ट नापास होतो, ही गोष्ट.

सगळ्यांना वाटलं असणार की पोरगं दंगा घालणार. तर इथे ते रडतं. टीशर्टवरच्या त्या अभिमानाला दिलेलं हे उत्तर आहे असं माझं मत. नापास होण्याचा त्याला कसलाही अभिमान नाही, उलट तो आतून मोडलाय. अंदाजे ३ कोटी ३६ लाख लोकांनी तो भाग पाहिला. रेटिंगमध्ये कॉस्बी केसभर पुढे राहिला, पण डोकी मोजली तर सिम्पसन्स.

म्हणून माझा कौल शेवटच्या बाकाला. एवढं सगळं करून तो नापास राहिला असता तर टीशर्ट खरा ठरला असता.

अनुस्वार
सिम्पसन्सचा पहिलाच भाग ना हा?

जुना टीव्ही
नाही. पहिला पूर्ण लांबीचा भाग नाताळचा, १७ डिसेंबर १९८९. त्याआधी १९८७ पासून 'द ट्रेसी उलमन शो'मध्ये मिनिटा-दोन मिनिटांचे तुकडे यायचे. गंमत म्हणजे आधी बनला होता दुसराच भाग. पण कोरियाहून त्याचं अ‍ॅनिमेशन आलं ते इतकं वाईट होतं की बराचसा पुन्हा करावा लागला. तो मग पहिल्या सीझनच्या अगदी शेवटी, मे १९९० मध्ये लागला, आणि नाताळचा भाग पहिला ठरला.

खारे दाणे
त्या वेळचं चित्र आता बघवत नाही हो. बार्टच्या बापाचा, होमरचा आवाजसुद्धा वेगळाच होता.

जुना टीव्ही
पहिल्या सीझनमध्ये. डॅन कॅस्टेलानेटा तो आवाज नट वॉल्टर मॅथाऊच्या ढंगात काढायचा. हा भाग येईपर्यंत आजचा होमर बराचसा तयार झाला होता. आणि चित्र मला तरी आवडतं. हाताने रंगवलेलं आहे, थोडं हलतं, थोडं चुकतं. आता सगळं इस्त्री केल्यासारखं.

रत्नांग्रीकर
प्रमेयबाई, एक शंका. बोर्डात ग्रेस मार्क देतात तेव्हा तुमचा न्याय कुठे जातो? तिथे तर पोराला १७५४ सुद्धा सांगावं लागत नाही.

प्रमेयबाई
कुठेही जात नाही, रत्नांग्रीकर. ग्रेसचा नियम लिहिलेला असतो आणि तो सगळ्यांना सारखाच लागू होतो. रत्नागिरीच्या पोराला आणि गडचिरोलीच्या पोरीलाही. कोणी कोणासमोर रडावं लागत नाही. क्राबापलबाईंनी आधी जाहीर केलं असतं की पेपराबाहेरची एखादी समर्पक गोष्ट सांगितली तर एक मार्क, तर मी एक अक्षर बोलले नसते.

ढकलगाडी
हा वाद मुळात महाराष्ट्रात उभाच राहत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्यात आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचं नव्हतं. पुढे कायद्यात दुरुस्ती झाली, आणि आपल्याकडे २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. नापास झालात तर फेरपरीक्षा, त्यातही गेलात तर त्याच वर्गात. बार्ट चौथीत. म्हणजे तो इकडे असता तर वर्षभर निवांत गलोल घेऊन हिंडला असता.

कोकमकढी
आणि पुढे इंजिनीअरिंगला जाऊन एटीकेटीवर आयुष्य काढलं असतं.

खारे दाणे
हसून हसून पुरेवाट. आमच्या हॉस्टेलवर एटीकेटी नसलेल्या मुलाकडे लोक संशयाने बघायचे.

इतिहासवेडा
फोर्ट नेसेसिटीबद्दल कोणीच काही बोललं नाही म्हणून लिहितो. लेखकांनी ही लढाई निवडली ती उगाच नाही, असं मला वाटतं.

१७५४ मध्ये वॉशिंग्टन जेमतेम बावीस वर्षांचा होता, आणि ब्रिटिशांच्या बाजूने लढत होता. आजच्या पेनसिल्व्हेनियात एका माळावर त्याने घाईघाईने लाकडी कुंपणाची गढी उभारली. आसपासची झाडी बंदुकीच्या टप्प्यात, जागा सखल. ३ जुलैला फ्रेंच आणि त्यांच्या बाजूच्या मूळ रहिवाशांनी झाडांआडून गोळ्या घालायला सुरुवात केली. त्यात धो धो पाऊस. खंदकात पाणी भरलं, दारू भिजली. रात्री त्याने शरणागतीच्या कागदावर सही केली. कागद फ्रेंच भाषेत, ह्याला फ्रेंच येत नव्हतं. त्यात एका फ्रेंच अधिकाऱ्याची हत्या केल्याची कबुली होती, ती त्याला नंतर कळली. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं घेऊन तो गढीबाहेर पडला. तारीख ४ जुलै. पुढे कारकिर्दीत तो पुन्हा कधी शरण गेला नाही.

म्हणजे बघा, पुढे जो राष्ट्राध्यक्ष होणार त्याची सुरुवात अशी सपशेल नापास होऊन झालेली. दहा वर्षांच्या पोराला सगळ्या पुस्तकातून नेमका हाच प्रसंग आठवतो. मार्टिनसारख्या मुलाने सनावळी घोकली असती. बार्टने वॉशिंग्टनच्या जागी स्वतःला बघितलं. इतिहास शिकवणाऱ्या कोणालाही विचारा, वर्गात असं एक पोर निघालं तर वर्ष सार्थकी लागतं. एक मार्क कसला, मी पाच दिले असते.

शिवाय, पावसाने वॉशिंग्टनला बुडवलं आणि बर्फाने बार्टला वाचवलं. हे योगायोगाने आलं असेल तरी मला आवडतं.

शेवटचा बाक
इतिहासवेडा, क्या बात! हे बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पाच? मग पेपर कशाला घेता?"

पावसाळी छत्री
बर्फाचा विषय निघालाच आहे तर. मुंबई-ठाण्यातल्या प्रत्येक पोराने ही प्रार्थना केलेली आहे. फक्त आपला देव जिल्हाधिकारी कार्यालयात बसतो. सकाळी साडेसहाला दप्तर भरून, बूट घालून, मोबाइलवर 'शाळांना सुट्टी' असा मेसेज येतो का बघत बसायचं. आणि सुट्टी जाहीर झाली की हटकून लख्ख ऊन.

न्यूजर्सीचे नाना
इकडे स्नो डेला अगदी तसंच. मुलं आदल्या रात्री पायजमा उलटा घालून झोपतात, म्हणजे बर्फ पडतो. आमची दोघंही घालायची. सकाळी त्या उलट्या पायजम्यातच खिडकीशी.

ह्या भागातली प्रार्थना मला पाठ आहे. देवा, शिक्षकांचा संप होऊ दे, वीज जाऊ दे, हिमवादळ येऊ दे, काहीही चालेल. आणि शेवटी रजेच्या अर्जासारखं 'आगाऊ आभार, आपला मित्र, बार्ट सिम्पसन'.

अनुस्वार
'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' लिहायला हवं होतं. म्हणून एक मार्क कमी पडला.

खारे दाणे
मला बार्टची बहीण लिसा आवडते ह्यात. सकाळी बार्ट घसरगाडी घेऊन निघतो, तर ही दारात उभी. काल तुझी प्रार्थना मी ऐकली. देव कोण आहे मला माहीत नाही, पण तो आईबाबा दोघांहून ताकदवान आहे आणि तू त्याचं देणं लागतोस. आठ वर्षांची पोर! आणि बार्ट निमूट आत जातो. टीव्हीवरच्या कार्टूनात धर्माबद्दल इतकं नेमकं बोललेलं मी दुसरं ऐकलेलं नाही.

जुना टीव्ही
आणि तरी ह्याच मालिकेवर कुटुंब बुडवल्याचा आरोप. जानेवारी १९९२ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थोरले बुश भाषणात म्हणाले की अमेरिकन कुटुंबं वॉल्टन्ससारखी जास्त आणि सिम्पसन्ससारखी कमी व्हायला हवीत. वॉल्टन्स म्हणजे महामंदीच्या काळातल्या सोज्ज्वळ कुटुंबाची मालिका. तीन दिवसांत सिम्पसन्सवाल्यांनी एका जुन्या भागाच्या आधी तुकडा जोडला. बार्ट म्हणतो, आम्ही वॉल्टन्ससारखेच आहोत, आम्हीही मंदी संपू दे म्हणून प्रार्थना करतोय.

रत्नांग्रीकर
अवांतर: अपूचा, म्हणजे मालिकेतल्या भारतीय दुकानदाराचा विषय काढू का?

धागाराखण
नको. त्यावर वेगळा धागा आहे आणि तो दोनदा कुलूपबंद झालाय. इथे बार्टच राहू दे.

प्राजक्त
बरेच दिवस लिहावं की नाही ह्या विचारात होते. सगळे जण बार्टने प्रयत्न केला की नाही ह्यावर बोलताय. मला तळघरातला प्रसंग बघवत नाही. तो पुस्तक उघडतो, वाचायला लागतो. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या चालल्याचं दृश्य डोळ्यासमोर येतं, आणि तिथेही बर्फ पडायला लागतो, ती सगळी टोप घातलेली मोठी माणसं सही सोडून बाहेर पळतात. मग तो स्वतःच्या थोबाडीत मारून घेतो, लक्ष परत आणायला. पेपर लिहितानासुद्धा हेच. बघणारे हसतात.

माझा मुलगा असाच बसायचा. थोबाडीत नाही मारायचा, मांडीला चिमटे काढायचा. शाळेत सगळ्यांचं एकच पालुपद, हुशार आहे पण मेहनत नको. नंतर तपासणी झाली, लक्ष एकाग्र न होण्याचं निदान झालं. दहावीला जादा वेळ मिळाला. त्याने मार्क वाढले ते वाढले, पण आपण आळशी नाही हे त्याला पहिल्यांदा कोणीतरी कागदावर लिहून दिलं होतं.

ह्या भागातला मानसतज्ज्ञ नापास पेपर बघतो आणि पुन्हा चौथीत बसवा म्हणतो. हे असं का होतंय, एवढंही विचारत नाही. मालिकेने हा धागा पकडला तो थेट १९९९ मध्ये, बार्टला एकाग्रतेची गोळी देतात तो भाग. तोही विनोदीच. त्यामुळे एक मार्क द्यावा की नाही ह्याच्या आधीच तिथे काहीतरी राहून गेलंय असं मला वाटतं.

न्यूजर्सीचे नाना
प्राजक्त ताई, बरं केलंत लिहिलंत. तो प्रसंग मी असा कधी पाहिला नव्हता. आमच्या धाकटीला दाखवतो, ती शाळेत समुपदेशक आहे.

प्रमेयबाई
प्राजक्त, जादा वेळ मिळायलाच हवा, त्याबद्दल दुमत नाही. ती मदत पेपराच्या आधी द्यायची असते. शाळा ती देत नाहीत आणि मग शेवटी एका मार्काची मेहेरबानी करतात. माझा राग त्याच्यावरच आहे.

गाजरपारखी
आत्ता पाहिला. हॉटस्टारवर सापडला. बाईंचं काम कोणी केलंय? आवाज भारी आहे.

जुना टीव्ही
मार्सिया वॉलेस. ह्याच भूमिकेसाठी १९९२ मध्ये एमी पुरस्कार मिळाला. ऑक्टोबर २०१३ मध्ये गेली, त्यानंतर ते पात्रच निर्मात्यांनी बंद केलं. दुसऱ्या कोणाला आवाज द्यायला लावला नाही. सुरुवातीला बार्ट फळ्यावर शिक्षेची ओळ शंभरदा लिहितो ना, तर एका भागात तीच ओळ एकदाच लिहिलेली होती, मिसेस के, तुमची खूप आठवण येईल. आणि बार्टचा आवाज नॅन्सी कार्टराइट, बाईच. ते रडणं तिचं.

गाजरपारखी
मग मी पक्ष बदलतो. मार्क द्या. ते रडणं ऐकून न देणारा माणूस दगड आहे.

शेवटचा बाक
नमस्कार. मी ह्यांची बायको, ह्यांच्याच आयडीवरून लिहितेय. दोन दिवस तुमचे प्रतिसाद मला मोठ्याने वाचून दाखवले जातायत, म्हणून एकदाच.

ह्यांनी धाग्यात एक वाक्य गाळलंय. बार्ट रडायला लागल्यावर बाई पहिल्यांदा काय म्हणतात? मला वाटलं होतं एव्हाना तुला नापास व्हायची सवय झाली असेल. दहा वर्षांच्या मुलाला. तो मार्क इतिहासाचा वगैरे काही नाही. बाईंना स्वतःच्या बोलण्याची लाज वाटली आणि हातात लाल पेन होतं. असं मी पाहिलंय, शिकवणीला येणारी मुलं सांगतात. वर्षभर मूल बाईंना दिसत नाही, मग एक दिवस ते कोसळतं आणि त्याला एकदम चॉकलेट मिळतं.

मी असते तर पेपर ५९ च ठेवला असता आणि शनिवारी त्याला घरी बोलावलं असतं. त्याला एकूण येतं काय, ते तरी बघितलं असतं.

बाकी शेवट मला आवडतो. बार्ट आनंदात बाईंचा मुका घेतो आणि रस्त्यावर ओरडत पळताना मधेच त्याला कळतं की आपण काय करून बसलो. होमर तो पेपर फ्रिजवर लावतो, तुझा अभिमान वाटतो म्हणतो. बार्ट म्हणतो, ह्या डी मायनसमधला थोडा वाटा देवाचा. आमच्याकडे फ्रिजवर फक्त गॅसचं बिल.

इतिहासवेडा
वहिनी, सगळं मान्य. पण बाई क्षणभर थांबतात ते बघा. त्या १७५४ ऐकून खऱ्या चमकतात, तोंडावर दिसतं. त्या क्षणी तरी त्यांना मूल दिसलं. लाजेतून का होईना.

प्राजक्त
वहिनी, शनिवारची बॅच अजून चालू आहे का? :-)

रत्नांग्रीकर
प्रमेयबाई, आता तुम्ही एकट्या उरलात. वहिनीसुद्धा शनिवारी घरी बोलावतायत. ५९ च का अजून?

प्रमेयबाई
५९ च. वहिनींनीही ५९ च ठेवलेत, नीट वाचा. जे पेपरात विचारलंच नव्हतं त्याचा मार्क मी देणार नाही. पण पुढच्या आठवड्यात तोंडी परीक्षा ठेवीन, सगळ्या वर्गाची. आणि त्यात पहिला प्रश्न फोर्ट नेसेसिटीवर विचारीन.

गाजरपारखी
पेपर फुटला!